‘भावजी’पासून ‘अहो’पर्यंत

मराठी कादंबरीतील नायक-नायिका एकमेकांना प्रथम कोठे भेटतात, याची एक यादी मी फार वर्षांपूर्वी एम.ए.च्या परीक्षेचा अभ्यास टाळण्यासाठी केली होती. टेनिसचे मैदान, आगगाडीचा डबा, कॉलेजचे स्नेहसंमेलन, थंड हवेचे ठिकाण, वाचनालयातील एकच पुस्तक एकाच वेळी मागणारे दोन हात. यादी वहीची दोन पाने भरून वाहिली. परंतु एक जागा तीत काही केल्या सापडेना, ती म्हणजे स्वतःच्या घराची ओसरी. दहा वर्षे रोज येऊन चहा पिऊन जाणारा, घरातल्या बारशापासून आजारपणापर्यंत सगळ्यात असणारा माणूस, आणि नायिकेचे मन त्याच्यावर बसले आहे, असे माझ्या यादीत एकदाही घडले नव्हते.

हा दोष मी कादंबरीकारांना देत नाही. आपल्या घरात तरुण स्त्रीला ‘मित्र’ नसतोच मुळी. नवऱ्याचा मित्र तिचा भावजी होतो. भावाचा मित्र दादा होतो. शेजारचा मुलगा फार येऊ-जाऊ लागला की कोणीतरी शहाणी आजी राखीपौर्णिमेचा मुहूर्त साधून त्याला भाऊ करून टाकते. मैत्रीला आपण नाव देतो ते नात्याचे, आणि एकदा नाव दिले की भोवती कुंपण पडले. त्या कुंपणातून प्रेमापर्यंत जायचे तर आधी हाक बदलावी लागते, आणि मराठी माणसाला धर्म बदलणे एक वेळ सोपे, पण हाक बदलणे कठीण!

इंग्रजांकडेही ही अडचण अगदीच नव्हती असे नाही. जेन ऑस्टिनच्या १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमा’ या कादंबरीत नाइटली हा नायिकेच्या बहिणीचा दीर. लहानपणापासून तिचे कान उपटणारा. नाचाच्या प्रसंगी ती त्याला म्हणते की आपण काही खरेखुरे बहीणभाऊ नाही, आणि तो तत्परतेने, जरा अधिकच तत्परतेने, ते मान्य करतो. त्या एका वाक्यापाशी मी दर खेपेला पुस्तक खाली ठेवते. पण एमाच्या गावात कोणी मरत नाही, घरे पडत नाहीत. तेथे ओळखीचे प्रेम व्हायला एक नाच पुरतो.

आज माझ्या वर्गातील मुली ज्या कादंबऱ्या वाचतात त्यांत या जातीच्या कथांना मोठा मान आहे. ‘फ्रेंड्स टू लव्हर्स’ असे तिला नाव असून दुकानात म्हणे तसा वेगळा खण सापडतो. त्यातही सर्वांत लाडकी कथा म्हणजे एकाच संकटातून निघालेल्या दोन मित्रांची. दोघांवर एकच आघात, दोघांचे एकमेकांना सावरणे, आणि त्या सावरण्यातून प्रेम. मुलींनी दिल्या म्हणून मी त्यातल्या बऱ्याचशा वाचल्या. पुष्कळशा वाईट आहेत. त्यांत पाचव्या प्रकरणात दोघे पावसात भिजतात, सहाव्यात एकाला ताप येतो, सातव्यात दुसरा कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो (तिकडे सूप पाजतात, एवढाच फरक), आणि आठव्यात आईबाप आगीत गेल्याचे दुःख तापाबरोबरच उतरते. प्रेम म्हणजे जणू कुनाइनची गोळी!

तुम्ही म्हणाल, प्राध्यापकीणबाईंनी असल्या पुस्तकांचा एवढा राग का धरावा? न वाचले म्हणजे झाले. पण माझ्या आजोळी ही कथा घडलेली आहे, आणि ती घडताना मी पाहिलेली आहे. त्यामुळे कागदावरची कोणतीही कथा मी त्या कथेला लावून पाहते.

माझे आजोळ लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, किल्लारीच्या आसपासचे एक गाव. आम्ही सोलापूरला राहत होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तो भूकंप झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावे रात्री उशिरापर्यंत विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून दमून झोपलेली. त्या भागातली जुनी घरे म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आले. त्या सकाळपर्यंत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांत माझा मामा होता आणि त्याची चार वर्षांची मुलगी होती. मामीला शेजाऱ्यांनी दुपारी ढिगाऱ्यातून जिवंत काढले. तिचा पाय कायमचा अधू झाला.

मामाचा एक जिवलग मित्र होता. दोघांची शेते बांधाला बांध लावून. तो रोज आमच्या ओसरीवर यायचा. आम्ही पोरे त्यालाही मामाच म्हणायचो, मामी भावजी म्हणायची आणि तो तिला वहिनी. मिरवणूक संपल्यावर तो शेतावर राखणीला गेला, म्हणून वाचला. त्याची बायको आणि दोन मुलगे गेले.

पुढची चार वर्षे सगळे गाव पत्र्याच्या शेडमध्ये होते. मामी अंगणवाडीत काम करू लागली. १९९७ साली नवे गाव उभे राहिले, सरळ रस्त्यांचे, क्रमांक घातलेल्या घरांचे. आणि त्याच वर्षी मामीने आणि त्या मामांनी तहसीलदार कचेरीशेजारच्या देवळात चार माणसांत लग्न केले.

माझ्या आईने ही बातमी ऐकली आणि हातातले तांदळाचे ताट तसेच खाली ठेवले. तिचा एकुलता एक भाऊ. “त्याला आधी मातीनं नेलं, आता हिनं नेला,” एवढेच ती म्हणाली. नंतर नऊ वर्षे आईने आजोळचे नाव काढले नाही. गावातली माणसेही बोलत होतीच. कोणी म्हणे, दुःखाने वेड लागले. कोणी म्हणे, दुःखच नव्हते. काही जाणते मात्र म्हणत की अशी लग्ने आसपास आणखीही झाली आहेत, एकट्याने भाकरी कशी करून खायची? आईला यातला कोणताच खुलासा पटला नाही. मला वाटते, तिसरा तर तिला सर्वांत अपमानकारक वाटला. भावाच्या जागी प्रेमाने कोणी आले असते तर ती भांडली असती. भाकरीसाठी कोणी आले, याचे तिला काय करावे ते कळेना.

प्रश्न तोच आहे, जो या कादंबऱ्या टाळतात किंवा घाईने उरकतात. एकाच ढिगाऱ्यातून निघालेली दोन माणसे जवळ येतात, ते प्रेम की नुसती गरज?

यशपालांच्या ‘झूठा सच’ या हिंदी कादंबरीत याला एक उत्तर आहे. फाळणीवरची ही कादंबरी दोन भागांत, १९५८ आणि १९६० साली, प्रसिद्ध झाली. लाहोरच्या एका गल्लीतली तारा. नको असलेले लग्न, पहिल्याच रात्री नवऱ्याची मारहाण, दंगल, अपहरण, बलात्कार, हे सारे भोगून ती भारतात येते. तिचे पुढे लाहोरच्याच आपल्या जुन्या प्राध्यापकांशी, डॉ. नाथांशी, लग्न होते. पण ते होते फार उशिरा. मधली शेकडो पाने ती दिल्लीत नोकरी करते, पगार मिळवते, स्वतःच्या नावाने जगते, कचेरीत अधिकारी होते. नाथ तिला वाचवायला येत नाहीत. ती वाचून झालेली असते, मग दोघे एकत्र येतात. आणि त्यानंतरही सुखाचा पडदा पडत नाहीच. पहिल्या लग्नाचे भूत हितशत्रू तिच्यामागे लावतात. मामीच्या अंगणवाडीची चार वर्षे मला ही कादंबरी वाचल्यावर नीट दिसू लागली. त्या वर्षांबद्दल गावात कोणी बोलत नसे. लग्नाबद्दलच सगळे बोलत.

परंतु गरज की प्रेम, या प्रश्नाला माझ्या मते खरी भिडलेली कादंबरी अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडली. एका विद्यार्थिनीने सुझन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’ मालेतली तीन पुस्तके मला जवळजवळ सक्तीने दिली. २००८ ते २०१० या काळात ती निघाली. मुलांना मुलांशी मरेपर्यंत झुंजवणारे एक क्रूर राज्य, अशी ती कल्पित कथा. मी नाक मुरडूनच सुरुवात केली. पहिल्या पुस्तकात कॅटनिस आणि पीटा या दोघांना जीव वाचवण्यासाठी लोकांपुढे प्रेमाचे नाटक करावे लागते. दुसऱ्यात पीटा तिला म्हणतो की आपण निदान मित्र तरी होऊ, आणि मैत्रीची सुरुवात म्हणून विचारतो, तुझा आवडता रंग कोणता? तिचा हिरवा. त्याचा नारिंगी, पण भडक नव्हे, मावळतीचा. जगापुढे चुंबने देऊन झालेल्या दोघांना एकमेकांचा आवडता रंग ठाऊक नसतो! या जागी मी नाक मुरडणे सोडले.

तिसऱ्या पुस्तकात शत्रू आपल्या कैदेतल्या पीटाला विष टोचून त्याच्या आठवणीच नासवून टाकतो. सुटून आल्यावर त्याला कळत नाही की डोक्यातले खरे घडलेले कोणते आणि भरवलेले कोणते. मग तो बरोबरच्यांना एकेक गोष्ट विचारू लागतो : हे खरे की खोटे? माणसे उत्तर देतात. खरे. खोटे. पण सगळ्याच गोष्टींचे उत्तर सगळ्यांना देता येत नाही. काही गोष्टींच्या वेळी फक्त कॅटनिस तिथे होती. तिच्या धाकट्या बहिणीचा, प्रिमचा, युद्धात अंत झालेला असतो. उद्ध्वस्त गावात परतल्यावर पीटा तिच्या घराशेजारी तिच्या बहिणीच्याच नावाच्या फुलांची झुडपे लावतो. दोघांनाही रात्री वाईट स्वप्ने पडतात, ती शेवटपर्यंत थांबत नाहीत. मुले व्हायला ती तयार होते ती पंधरा वर्षांनी. लेखिकेने बरे होण्याची घाई केलेली नाही, आणि बरे होणे म्हणजे विसरणे असेही कोठे सुचवलेले नाही.

ते खरे-खोटे वाचताना मला मामीची एक गोष्ट आठवली. ती तिने मला बऱ्याच उशिरा, मी स्वतः आई झाल्यावर, सांगितली. शेडमधल्या दुसऱ्या वर्षी तिला एका गोष्टीने पछाडले होते. त्या रात्री लेकीला झोपवताना तिच्या अंगात कोणता झगा होता, हे तिला आठवेना. हिरवा म्हणावा तर तो धुवायला टाकलेला. फुलाफुलांचा म्हणावा तर तो तोकडा झालेला. जेवताना, अंगणवाडीतल्या पोरांना मोजताना, सारखे तेच. कोणाला विचारणार? घरात जे जे होते ते कोणी उरले नव्हते. एका संध्याकाळी भावजी पाण्याच्या टँकरपाशी भेटले आणि तिने एकदम विचारले. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “पिवळा,” ते म्हणाले. “मिरवणुकीत त्याच्या खांद्यावर बसली होती. झग्याला गुलाल लागला म्हणून तुम्ही दोघांवर ओरडलात, वहिनी.”

ती ओरडली होती. तिला सगळे आठवले. टँकरपाशी घागर तशीच ठेवून ती रडली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे दोन वर्षांत पहिल्यांदा तिला रात्री झोप लागली. पुढे तेही तिला विचारू लागले. त्यांचा धाकटा बोबडा होता, गणपतीला काय म्हणायचा? ‘गम्पती’, ती सांगे. बायकोने दिवाळीत लुगडे कोठले मागितले होते? तिने मामीपाशी मागितलेले असे, नवऱ्यापाशी नव्हे. म्हणून तेही मामीलाच माहीत. असे दोन वर्षे चालले.

याला प्रेम म्हणावे की गरज, हे माझ्या आईने ठरवले असते तर बरे झाले असते. कारण तिलाही एक गरज होती आणि ती तिने नऊ वर्षे दाबून धरली होती. २००६ साली माझे लग्न ठरले. मुलीला बोहल्यावर मामाने आणायचे. चुलत-मावस मामांची नावे निघाली. वडिलांनी दोन पत्रे लिहायलाही घेतली. आईने ती बाजूला सारली आणि म्हणाली, “पोरगी ज्याला जन्मापासून मामा म्हणते तो आहे ना जिवंत!” पत्रिका तिने स्वतः लिहिली.

ती दोघे लग्नाच्या आदल्या दिवशी आली. हळद झाली, जेवणे झाली, मांडवात सतरंजीवर बायका कलंडल्या. मला झोप येत नव्हती म्हणून मी माजघरात पडून ऐकत होते. आई मामांसमोर जाऊन बसली आणि तिने विचारले, “त्या संध्याकाळी तो काय काय बोलला ते सांगा. सगळं सांगा.” आणि मामांनी सांगितले. लेझीम खेळताना मामाची चप्पल तुटली होती. ती हातात धरूनच तो नाचला. भाद्रपदातली वांगी यंदा चांगली आहेत, दिवाळीला ताईकडे पोतंभर घेऊन जाऊ, असे म्हणाला होता. पोतंभर, हे ऐकून आई हसू लागली. हसत हसत तिने पदर तोंडात धरला. मामी तिच्याजवळ सरकून बसली. बोलली काही नाही.

या सगळ्यात हाकेचे काय झाले, हे सांगायचे राहिले. आम्हा पोरांना काहीच बदलावे लागले नाही. मामाचा मामाच राहिला. त्या दोघांची मात्र पंचाईत झाली. ‘भावजी’ म्हणता येईना आणि ‘अहो’ तोंडातून निघेना. मामी सांगते की लग्नानंतर वर्षभर तिने त्यांना हाकच मारली नाही. भांडे आपटायचे, खाकरायचे, नाहीतर मोठ्याने वाऱ्याशी बोलायचे. मग एका रात्री नव्या घरावरून खडीचा ट्रक गेला. घर हादरले. दोघेही अंधारात दाराकडे धावली आणि उंबऱ्यात एकमेकांवर आदळून खाली पडली. तिचा अधू पाय, त्यांच्या कपाळाला टेंगूळ. “अहो, लागलं का?” असे तिच्या तोंडून गेले. एकाच आघातातून निघालेल्या माणसांनी एकत्र राहण्यात हा मोठाच धोका असतो, दोघेही एकाच वेळी घाबरतात आणि दिवा लावायला कोणी उरत नाही. कादंबऱ्यांत हा धोका फारसा सांगत नाहीत. मामी तो हसून सांगते.

तिचे वाचन अंगणवाडीच्या नोंदवहीपुरते. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत गुडघ्यामुळे ती महिनाभर आमच्याकडे पडून होती, तेव्हा मी तिला शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ दिली. लुइझा मे ऑल्कॉटची ही ‘लिटल विमेन’. मूळ पुस्तकाचे दोन भाग १८६८ आणि १८६९ साली आले, आणि तेव्हापासून वाचक एकाच गोष्टीवरून रुसलेले आहेत : ज्योचे लॉरीशी लग्न का लावले नाही? माझ्या वर्गात तर दर वर्षी यावरून दोन तट पडतात. लॉरी ज्योला मागणी घालतो, ती नाही म्हणते. आणि पुढे तो लग्न करतो ते एमीशी, हे कोणाला रुचत नाही. मी मुलींना सांगत असते की मधला प्रसंग नीट पाहा. घरी बेथ गेली आहे. एमी दूर स्वित्झर्लंडमध्ये एकटी आहे. लॉरी जर्मनीत ते कळताच तडक तिच्याकडे निघतो. ज्या बागेत ती बसली आहे तेथे कोणीही आला असता तर सांत्वनच केले असते, पण बेथला ओळखणारा, शेजारच्या घरातून तिचा पियानो ऐकत वाढलेला, असा तो एकच होता.

मामीला मी यातले काही सांगितले नव्हते. तिने पुस्तक पंधरा दिवसांत संपवले. ज्यो-लॉरीबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, “त्या बेथीचा बाजा पुढं कुणी वाजवला का गं? की नुसता धूळ खात पडला?”

हा प्रश्न मला वीस वर्षांच्या नोकरीत कोणी विचारला नव्हता. मी मूळ इंग्रजी पुस्तक काढून शोधले. एमी आणि लॉरी लग्न करून घरी येतात त्या संध्याकाळचे वर्णन आहे. पियानो जागचा हललेला नाही. वर बेथची तसबीर. लॉरी म्हणतो, एमी, वाजव काहीतरी, किती शिकून आलीस ते यांना कळू दे. एमी जुने स्टूल हाताने फिरवते, आणि कौशल्य दाखवणे आज नको, असे हळूच सांगून बेथची गाणी गाते. मी ते मराठीत जमेल तसे सांगत गेले. मामी पाय लांब करून ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिने मान ओसरीकडे वळवली.

“अहो,” तिने हाक मारली, “इकडं या जरा. हे ऐका.”